जोडणी आणि जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने माहिती व संगणक विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)



वार्षिक अहवालात नव्या वास्तूची, नव्या यंत्रांची, झालेल्या शस्त्रक्रियांची आणि मिळालेल्या देणग्यांची माहिती येते. या साऱ्या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे छायाचित्र काढता येते. आज आम्ही ज्या कामाविषयी बोलणार आहोत त्याचे छायाचित्र निघत नाही. ते काम म्हणजे रुग्णालयातील निरनिराळ्या संगणक प्रणाली एकमेकींशी जोडणारी छोटी छोटी अंतर्गत साधने तयार करणे, आणि ती तयार करताना रुग्णाच्या माहितीला धक्का लागू न देणे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : कोणावर, किती आणि कशासाठी विश्वास टाकावा?

धर्मादाय रुग्णालयात संगणक एका दिवसात येत नाही. कोणा दात्याच्या देणगीतून प्रयोगशाळेची प्रणाली येते, काही वर्षांनी क्ष-किरण विभागाची येते, मग औषध भांडाराची, पुढे बिलांची, लेखा विभागाची, कर्मचाऱ्यांच्या हजेरीची. प्रत्येक प्रणाली वेगळ्या काळातली, वेगळ्या पुरवठादाराची आणि वेगळ्या बोलीची. एखाद्या जुन्या चाळीत जसे प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे आणि सज्जा मात्र सामाईक असतो, तसे हे आहे. दारे बंद असली, तरी निरोप सज्जातून हाका मारूनच पोहोचतात.

या हाका कोण मारते? प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ वॉर्डात फोन करतो. परिचारिका तो आकडा केसपेपरवर लिहून घेते. बिल विभागातील लिपिक औषध भांडाराची यादी पाहून तीच नावे पुन्हा आपल्या पडद्यावर टंकते. निवासी डॉक्टर अहवालाचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन वरिष्ठांना पाठवतात. कोणीतरी एक्सेलची फाइल ठेवते आणि ती ईमेलने या खात्यातून त्या खात्यात फिरत राहते. असे कोणत्याही रुग्णालयात घडते. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. उलट काम अडू नये ही तळमळ असते. म्हणूनच केवळ मनाईचे परिपत्रक काढून हा प्रश्न सुटत नाही. मोबाइलवर छायाचित्र पाठवणे बंद करायचे असेल, तर त्याहून सोपा, त्याहून जलद आणि सुरक्षित मार्ग हाताशी द्यावा लागतो. सुरक्षित मार्ग अवघड असेल, तर माणसे असुरक्षित मार्गानेच जाणार. आमच्या साऱ्या कामाचे हे पहिले सूत्र आहे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. १९७२ साली अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. जॉर्ज लुंडबर्ग यांनी एक साधी पण फार महत्त्वाची कल्पना मांडली : तपासणीचे काही निष्कर्ष असे असतात की ते नेहमीच्या अहवालाबरोबर जाण्याची वाट पाहू नये, ते उपचार करणाऱ्या माणसाला तत्काळ कळले पाहिजेत. रक्तातील पोटॅशियमचे उदाहरण पाहा. त्याचे प्रमाण साधारणपणे ३.५ ते ५ मिलीमोल प्रतिलीटर असते. ते ६.५ च्या वर गेले, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. असा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या संगणकात दिसत असताना वॉर्डातल्या डॉक्टरांना तो ठाऊक नसणे म्हणजे औषध कपाटात असताना रुग्णाने त्याची वाट पाहत राहण्यासारखे आहे.

आता हा निरोप पोहोचवणारे एक साधन करायचे ठरवले, तर त्याला चार ठिकाणी हात घालावा लागतो. प्रयोगशाळेच्या प्रणालीतून तातडीचा निष्कर्ष उचलायचा. रुग्ण कोणत्या वॉर्डात, कोणत्या खाटेवर आहे हे आंतररुग्ण नोंदणीतून पाहायचे. त्या वेळी कामावर कोणते डॉक्टर आहेत हे पाळीच्या वेळापत्रकातून काढायचे. मग त्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा. ठरावीक मिनिटांत 'मिळाला' असे उत्तर आले नाही, तर वरिष्ठांना आणि वॉर्डाला कळवायचे. तंत्रज्ञाचा फोन तरीही चालूच राहतो, आणि ऐकणाऱ्याने आकडा पुन्हा उच्चारून दाखवण्याची पद्धतही चालू राहते. हे साधन फोनची जागा घेत नाही. निरोप पोहोचला की नाही, याचा ते साक्षीदार असते.

या संदेशात काय लिहावे, याचाही विचार करावा लागतो. रुग्णाचे नाव, वय, रोग आणि आकडा असे सारे लिहिणे सोयीचे वाटते. परंतु मोबाइलच्या बंद पडद्यावरही संदेश दिसतो. तो फोन घरी जातो, कोणाच्याही हातात पडतो. म्हणून संदेशात एवढेच असावे : अमुक वॉर्ड, अमुक खाट, तातडीचा निष्कर्ष आलेला आहे, प्रणालीत पाहावे. बाकीचे सारे आपली ओळख पटवून आत गेल्यावरच दिसावे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने अशा रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेची जबाबदारी संस्थांवर स्पष्टपणे टाकली आहे. पण कायदा नसता तरी, आपला आजार शेजाऱ्याच्या पडद्यावर झळकू नये ही रुग्णाची अपेक्षा रास्तच ठरली असती.

आता खरा कठीण भाग. या साधनाला चार प्रणालींत शिरण्यासाठी किल्ली लागते. कोणती किल्ली द्यावी? सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक प्रणालीच्या मुख्य व्यवस्थापकाचे नाव आणि पासवर्ड त्या साधनाला देऊन टाकणे. काम लगेच सुरू होते, कोणाला काही विचारावे लागत नाही, आणि नेमका येथेच धोका जन्म घेतो.

आपल्याकडे जमिनीच्या आणि मालमत्तेच्या व्यवहारांत मुखत्यारपत्र दिले जाते. कुलमुखत्यारपत्र दिले, की मुखत्याराला मालकाच्या वतीने जवळजवळ सारे काही करता येते. विशिष्ट मुखत्यारपत्र दिले, तर एका ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीपुरता अधिकार मिळतो. शहाणा माणूस पहिले क्वचित देतो. संगणकाच्या जगातही हेच तत्त्व आहे. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली, त्यांत 'कमीत कमी अधिकार' हे एक प्रमुख तत्त्व होते : प्रत्येक कार्यक्रमाला आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपले काम पार पाडण्यापुरताच अधिकार असावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेली 'ओऑथ २.०' ही पद्धत याच विचारावर उभी आहे. तीत पासवर्ड हाती न देता, मर्यादित कामाचा आणि मर्यादित मुदतीचा परवाना दिला जातो, आणि तो केव्हाही रद्द करता येतो. आमच्या उदाहरणातील साधनाला प्रयोगशाळेतून फक्त तातडीचे निष्कर्ष वाचता यावेत, नोंदणीतून फक्त वॉर्ड आणि खाट कळावी, वेळापत्रकातून फक्त चालू पाळी दिसावी. कोठेही काही लिहिण्याचा वा खोडण्याचा अधिकार त्याला मुळीच नसावा. उद्या ते साधन कोणा चोराच्या हाती पडले, तरी त्याच्या हाती कुलमुखत्यारपत्र पडणार नाही.

मुखत्याराचा आणखी एक धोका आहे. १९८८ साली नॉर्म हार्डी यांनी एका लेखात त्याचे वर्णन केले आणि त्याला 'गोंधळलेला प्रतिनिधी' असे नाव दिले. संगणकाचा वेळ भाड्याने देण्याचा तो काळ. एका कार्यक्रमाला वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी एका विशिष्ट कप्प्यात लिहिण्याची मुभा होती. बिलांची फाइलही त्याच कप्प्यात असे. एका वापरकर्त्याने, आपले काम कोणत्या फाइलीत लिहून ठेवावे याचे उत्तर म्हणून, त्या बिलांच्या फाइलीचेच नाव दिले. वापरकर्त्याला तेथे लिहिण्याचा अधिकार नव्हता. पण कार्यक्रमाला होता. कार्यक्रमाने आज्ञा पाळली आणि बिलांची माहिती पुसली गेली. आपण कोणाच्या वतीने वागत आहोत आणि त्या माणसाला तो अधिकार आहे का, हे प्रतिनिधीने विचारलेच नाही.

रुग्णालयात याचे रूप कसे असेल? समजा, डिस्चार्ज कार्ड लवकर तयार व्हावे म्हणून एक साधन केले. त्यात नोंदणी क्रमांक टाकला की सर्व विभागांतील कागद एकत्र येतात. साधनाला सर्वत्र प्रवेश आहे. मग ज्याला त्या साधनाचा पडदा उघडता येतो, त्याला कोणत्याही रुग्णाचा क्रमांक टाकून सारे पाहता येते : शेजाऱ्याचे, सहकाऱ्याचे, गावातल्या प्रतिष्ठिताचे. प्रत्येक प्रणालीचे दार नीट बंद असूनही मधल्या साधनाने एक नवे दार उघडलेले असते. म्हणून आमच्या विभागाचा नियम असा की, साधनाने प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत : मागणारा कोण, आणि या रुग्णाच्या या माहितीवर त्याचा अधिकार आहे का? साधनाचा स्वतःचा अधिकार हे या प्रश्नांचे उत्तर होऊ शकत नाही.

हे भय काल्पनिक नाही. २०१८ साली सिंगापूरमधील सिंगहेल्थ या सार्वजनिक आरोग्यसंस्थेतून सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती आणि त्यांतील सुमारे १ लाख ६० हजार बाह्यरुग्णांच्या औषधांचा तपशील चोरीला गेला. खुद्द तत्कालीन पंतप्रधान ली सिएन लूंग यांची माहितीही त्यात होती. तेथील चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष आम्हांला फार बोलका वाटतो. एका रुग्णालयातील काही सर्व्हर आणि मुख्य माहितीसाठा यांच्यामधली जोडणी प्रशासकीय साधने आणि खास तयार केलेले कार्यक्रम चालावेत म्हणून खुली ठेवलेली होती, आणि तशी ती ठेवण्याची गरज नव्हती. चोर त्याच वाटेने आत शिरले. सोयीसाठी घातलेला पूल गरज संपल्यावर काढला नाही, तर तो कोणाच्या तरी सोयीचा होतोच.

आपल्या देशातील उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणी, बाह्यरुग्ण, प्रयोगशाळा अशी कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. नेटवर्कचे योग्य विभाजन नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव मिळाला, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. नेटवर्कचे विभाजन म्हणजे काय? जहाजाच्या तळाला पाण्याने भरू नयेत म्हणून वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरले, तरी बाकीचे कोरडे राहतात. जोडणी करणारे साधन म्हणजे त्या कप्प्यांमधल्या भिंतीला पाडलेले भोक. भोक पाडावेच लागते; पण ते किती मोठे, कोणत्या दिशेने उघडणारे आणि त्यावर झडप आहे की नाही, हे आधी ठरवावे लागते.

येथे एक जुनी अडचण सांगणे भाग आहे. रुग्णालयातील यंत्रे एकमेकांशी बहुधा 'एचएल७' नावाच्या मानक भाषेत बोलतात. ते मानक तयार करणारी संस्था १९८७ साली स्थापन झाली. या भाषेचा जुना आणि अजूनही सर्वत्र वापरला जाणारा प्रकार उभ्या रेघांनी तोडलेल्या साध्या मजकुराचा आहे. त्या भाषेत स्वतःचे असे कोणतेही गुप्तीकरण नाही. तारेवरून जाताना तो मजकूर कोणी पाहिला, तर त्याला तो पोस्टकार्डासारखा वाचता येतो. तो काळ एका इमारतीतल्या बंद तारांचा होता. आज त्याच यंत्रांच्या आसपास वायफाय आहे, पाहुण्यांचे मोबाइल आहेत, दूरच्या पुरवठादाराला दुरुस्तीसाठी दिलेला प्रवेश आहे. म्हणून पोस्टकार्ड लिफाफ्यात घालणे, म्हणजे गुप्तीकरण केलेल्या मार्गानेच ते पाठवणे, हे आता जोडणी करणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

जोडणीत सुरक्षिततेइतकाच विश्वासार्हतेचाही प्रश्न असतो, आणि त्याचे एक सुंदर उत्तर आपल्याच देशातील सेवाभावी रुग्णालयाच्या गरजेतून पुढे आले आहे. छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण रुग्णांची सेवा करते. तेथील कामाच्या निमित्ताने 'बहम्नी' ही मुक्त स्रोत प्रणाली विकसित झाली. तिने सारे काही नव्याने लिहिले नाही. वैद्यकीय नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनइएलआयएस, बिले व साठ्यासाठी ओडू अशा आधीच उपलब्ध असलेल्या प्रणाली तिने जोडल्या. ही जोडणी करताना प्रत्येक प्रणाली आपल्याकडे घडलेल्या घटनांची क्रमवार यादी ठेवते, आणि दुसरी प्रणाली ती यादी आपल्या सवडीने वाचून, कोठपर्यंत वाचली याची खूण ठेवते. मध्येच वीज गेली किंवा एक संगणक बंद पडला, तरी सुरू झाल्यावर ती त्या खुणेपासून पुढे वाचू लागते. निरोप हरवत नाही. आपल्याकडे परिचारिका पाळी बदलताना हस्तांतराची वही लिहितात, त्याचाच हा संगणकी अवतार आहे.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यापुढे आणखी एक खास काम असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते. हे नीट पार पाडायचे, तर खाटांची स्थिती, बिले, लेखा विभाग आणि समाजसेवा अधीक्षकांची नोंद या चार ठिकाणची माहिती एकत्र यावी लागते. ती वेळेवर एकत्र आली नाही, तर नुकसान गरीब रुग्णाचे होते. निधी असूनही त्याच्या नातेवाइकाला खिडकीवर उभे राहावे लागते.

हे साधन करताना मात्र एक प्रश्न निर्णायक ठरतो : कोणाला काय कळले पाहिजे? समाजसेवा अधीक्षकांना शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पाहावा लागतो. प्रयोगशाळेचे अहवाल नव्हे. बिल विभागाला रुग्ण पात्र आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या वर्गात, एवढेच कळणे पुरेसे असते. त्याचा दाखला पाहण्याचे कारण नाही आणि रोग जाणण्याचेही नाही. लेखा विभागाला रकमा हव्या असतात, नावे नव्हेत. म्हणून साधनाने कागद या खात्यातून त्या खात्यात फिरवू नयेत; विचारलेल्या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावे. गरिबीचा दाखला हा माणसाने नाइलाजाने उघडलेला आपला संसार असतो. तो जितक्या कमी डोळ्यांपुढे जाईल तितके बरे.

माहिती जोडताना ती चुकीच्या माणसाला जोडली जाऊ नये, हीसुद्धा सुरक्षितताच आहे. एकाच तालुक्यातून एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या आणि जवळपास एकाच वयाच्या दोन भगिनी एकाच दिवशी दाखल होणे आपल्याकडे नवलाचे नाही. त्यातच नावे रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक लिपिकाचे वळण वेगळे असते. म्हणून केवळ नावावरून जुळणी करायची नाही, हा आमचा कडक नियम आहे. नोंदणी क्रमांक आणि त्याशिवाय आणखी एक खूण जुळलीच पाहिजे. शंका असेल, तर साधनाने अंदाज बांधू नये. थांबावे आणि माणसाला विचारावे. आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची देशव्यापी घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. त्यातील १४ अंकी 'आभा' क्रमांक या कामी उपयोगी पडू शकतो. पण तो प्रत्येक रुग्णाकडे असेलच असे गृहीत धरता येत नाही.

आता अतिदक्षता विभागातील डॉक्टर मित्रांच्या मनातला प्रश्न आम्ही ओळखून आहोत. रुग्ण अत्यवस्थ असताना संगणकाने 'तुम्हांला अधिकार नाही' असे म्हटले तर? हा प्रश्न पूर्णपणे योग्य आहे. आगीच्या वेळी काच फोडून कळ दाबण्याची सोय असते, तशीच सोय येथे हवी. तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांना माहिती त्वरित मिळावी. मात्र त्यांनी एका ओळीत कारण नोंदवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक नोंदीकडे जबाबदार व्यक्तीने पाहावे. काच फोडणे हा गुन्हा नव्हे. रोजच काच फुटत असेल, तर मात्र दाराची जागा चुकली आहे असे समजावे आणि डॉक्टरांना बोल न लावता नियम दुरुस्त करावा.

पासवर्डाचेही तसेच आहे. रात्रपाळीत एकाच्या नावाने सारा वॉर्ड काम करतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. हातमोजे घातलेल्या, दोन खाटांमध्ये धावणाऱ्या परिचारिकेला दर पाच मिनिटांनी लांबलचक परवलीचा शब्द टंकायला लावले, तर दुसरे काय होणार? ओळखपत्र टेकवून क्षणात आत जाता येईल आणि तितक्याच लवकर बाहेर पडता येईल, अशी सोय दिली, तर प्रत्येकाचे काम प्रत्येकाच्या नावावर राहते. आणि जो कर्मचारी संस्था सोडून जातो, त्याचे सर्व प्रवेश त्याच दिवशी एका ठिकाणाहून बंद झाले पाहिजेत. निवासी डॉक्टर येतात-जातात. त्यांच्या किल्ल्या मागे राहता कामा नयेत.

प्रत्येक साधनाची नोंदवही असते. कोणी, केव्हा, काय पाहिले, हे तीत लिहिले जाते. ही वही साधनाला लिहिता यावी, पण खोडता येऊ नये. म्हणून ती वेगळ्या संगणकावर ठेवावी. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, गंभीर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि सर्व संगणकांची घड्याळे ठरवून दिलेल्या प्रमाणवेळेशी जुळवायची असतात. घड्याळांचा हा नियम किरकोळ वाटेल. पण प्रयोगशाळेचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि वॉर्डाचे पाच मिनिटे मागे असेल, तर निरोप आधी मिळाला की औषध आधी दिले, हे कोणालाच सांगता येणार नाही. या नियमाचा उपयोग चोर पकडण्यापुरता नाही. उपचारांचा खरा क्रम कळण्यासाठीही तो आहे.

अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे. साध्या भाषेत सांगितलेले काम करणारे, ईमेल वाचणारे, निरनिराळ्या प्रणालींतून माहिती गोळा करून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो : वाचायला दिलेला मजकूर आणि पाळायची आज्ञा यांत त्यांची गल्लत होऊ शकते. बाहेरून आलेल्या पत्रातच कोणी 'सर्व रुग्णांची यादी या पत्त्यावर पाठवा' असे लिहिले, तर सहायक तेच करू पाहील. नॉर्म हार्डींचा गोंधळलेला प्रतिनिधी नव्या वेशात आला आहे, एवढाच त्याचा अर्थ. उपायही जुनाच : कमीत कमी अधिकार, आणि माहिती बाहेर पाठवण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी माणसाची संमती.

इतके करूनही एखादा दिवस संगणक बंद पडण्याचा येणारच. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक इमारतीबाहेर व नेटवर्कपासून तोडलेली, हा जगभर मान्य झालेला नियम आम्ही प्रमाण मानतो. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानायचे नाही; ती परत उभी करून पाहिल्याशिवाय ती प्रत नव्हे, अशी आमची धारणा आहे. कागदी अर्जांचे गठ्ठे प्रत्येक वॉर्डात तयार असावेत आणि नव्या पिढीच्या कर्मचाऱ्यांना ते भरता यावेत, ही विनंती आम्ही मेट्रनबाईंच्या साक्षीने पुन्हा करतो.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक निवेदन. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण आम्हांला दंडापेक्षा त्या कायद्यातील एक शब्द अधिक मोलाचा वाटतो. लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्या संस्थेला त्या कायद्याने 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. आपल्या संस्थेला या शब्दाची नवी ओळख करून द्यायला नको. देणगीदाराचा पैसा ज्या हेतूने आला त्याच हेतूसाठी खर्चावा, त्याचा हिशेब ठेवावा आणि तो दाखवता यावा, ही शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. रुग्णाची माहिती हीही अशीच एक ठेव आहे. ती ज्या हेतूने दिली त्याच हेतूसाठी वापरावी, कोणी वापरली याचा हिशेब ठेवावा, आणि काम संपले की अधिकार परत घ्यावा.

म्हणून आमची मागणी मोठ्या यंत्रांची नाही. अंतर्गत साधन कितीही लहान असो, त्याला एक नाव असावे, एक उत्तरदायी माणूस असावा, त्याला कोणते अधिकार दिले याचा एक पानी कागद असावा, आणि वर्षातून एकदा तो कागद विश्वस्तांपुढे यावा. ज्या साधनाचा उपयोग उरला नाही, ते बंद करण्याचा ठराव त्याच बैठकीत व्हावा. लेखापरीक्षणाला जे महत्त्व आपण देतो, तेच या परीक्षणालाही द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

देणगीदार बंधू-भगिनींनाही एक सांगणे आहे. खाटेवर, दालनावर, यंत्रावर आपल्या प्रियजनांचे नाव कोरता येते. नोंदवहीचा सर्व्हर, इमारतीबाहेर ठेवलेली प्रत, परिचारिकांची ओळखपत्रे, यांवर नाव कोरायला जागा नसते. तरीही मध्यरात्री एखाद्या अनोळखी रुग्णाचा निष्कर्ष योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचतो आणि इतर कोणापर्यंतही पोहोचत नाही, तेव्हा ती देणगी आपले काम करीत असते.